घाट कोणी फोडला, चर्च कोणासाठी उभे राहिले? लोणावळ्याच्या रेल्वे चर्चचा इतिहास आपल्या बाजूने

पुणे जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८५ साली प्रसिद्ध झाले. त्यातली लोणावळ्याची नोंद छोटी आहे. रेल्वेचा इंजिन कारखाना, रेल्वेची शाळा, प्रोटेस्टंट आणि रोमन कॅथलिक अशी दोन चॅपेल, फ्रीमेसन लोकांचे लॉज, सहकारी दुकान, पाण्याची सोय. साहेबाच्या डोळ्यांना दिसलेले लोणावळे हे एवढेच. यातले जे प्रोटेस्टंट चॅपेल आहे, त्याच्याबद्दल हा लेख आहे. प्रोटेस्टंट म्हणजे त्या काळच्या रेल्वे वसाहतीत मुख्यतः अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजाराणीला आपल्या धर्मसंस्थेचे प्रमुख मानणारा सरकारी पंथ.

एवढ्याशा चर्चवर आंबेडकरी तरुणांनी वेळ का घालवावा, असे कोणी विचारेल. कारण असे की अशा जुन्या चर्चबद्दल आज दोनच प्रकारचे लिखाण वाचायला मिळते. पहिले पर्यटनवाल्यांचे: ब्रिटिशकालीन टुमदार वास्तू, दगडी भिंती, पावसाळी धुके, आणि शेवटी चिक्की. दुसरे हिंदुत्ववाद्यांचे: चर्च दिसले की तिथे आमिष, फसवणूक, धर्मांतराचा कट. पहिल्या लिखाणात आपला माणूस कुठेच नाही. दुसऱ्यात आहे, पण पावाच्या तुकड्यासाठी विकला जाणारा मूर्ख म्हणून. दोन्ही इतिहास खोटे आहेत. खरा इतिहास बघायचा तर चर्चच्या दारातून आत शिरण्याआधी बाहेरचा घाट बघावा लागतो.

बोरघाटात रेल्वेचे काम १८५६ साली सुरू झाले आणि एप्रिल १८६३ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या उपस्थितीत, मार्ग खुला झाला. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांहून जास्त चढ. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. सह्याद्रीचा काळा पाषाण हाताने छिन्नी मारून, सुरुंगाची दारू ठासून फोडायचा. १८६१ मध्ये एका वेळी बेचाळीस हजारांपर्यंत माणसे या कामावर होती. ही माणसे कोण? दख्खनच्या गावांतले भूमिहीन, वडारांसारखे दगडमातीचे काम करणारे भटके, आणि मोठ्या संख्येने महार-मांग. गावात वतनाच्या नावाखाली वेठबिगार होती. इथे निदान रोख मजुरी मिळेल, ही त्यांची आशा होती.

ती मजुरीही वेळेवर मिळाली नाही. फेविएल नावाच्या ठेकेदाराकडे पहिले कंत्राट होते. थकलेल्या मजुरीवरून जानेवारी १८५९ मध्ये मजूर भडकले आणि त्यांनी युरोपियन मुकादमांवर हल्ला केला. आपल्याकडे कामगार चळवळीचा इतिहास गिरणीच्या भोंग्यापासून सुरू करण्याची सवय आहे. मुंबईच्या गिरण्या जेमतेम उभ्या राहत होत्या, तेव्हा या घाटात गावकुसाबाहेरच्या माणसांनी आपल्या घामाचे पैसे मागत गोऱ्या मुकादमाला अंगावर घेतले होते, हे किती जणांना माहीत आहे? त्याच वर्षी फेविएलने कंत्राट सोडले. पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने मेला. त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडले नाही, दोन इंजिनिअर हाताशी धरून ते पूर्ण करून घेतले. बोरघाटाच्या इतिहासात तिचे नाव आहे, आणि ते असायलाही हवे. बाईने हे काम निभावले ही साधी गोष्ट नाही.

पण ठेकेदार मेला त्या हंगामात मजूरही मरत होते. पटकीने, तापाने, सुरुंगाने, दरीत पडून. हजारोंनी मेले. पाण्याची आणि निवाऱ्याची सोय नसलेल्या झोपड्यांच्या वस्त्यांत पटकी शिरली की सगळी वस्तीच उठून पळायची, आणि रोग पुढच्या वस्तीत जायचा. या मेलेल्यांची नावे कुठे आहेत?

इथे चर्चचा विषय येतो. इंग्लंडमध्ये पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीतला मुलूख. त्या हद्दीत जन्मलेला, लग्न केलेला, मेलेला प्रत्येक माणूस, मग तो जमीनदार असो की त्याचा सालगडी, चर्चच्या वहीत नोंदला जातो. वंशावळ शोधणाऱ्या आजच्या इंग्रजाला तीनशे वर्षांपूर्वीचा आपला शेतमजूर पूर्वज सापडतो, तो या वहीमुळे. हिंदुस्थानात ही पद्धत आली, पण ती गोऱ्यांपुरती. मुंबई इलाख्यातल्या सरकारी धर्मगुरूंनी बाप्तिस्मे, लग्ने, दफने यांच्या नोंदी ठेवायच्या आणि त्यांच्या नकला लंडनला पाठवायच्या, असा नियम होता. त्या नोंदी मुख्यतः युरोपियन आणि युरेशियन माणसांच्या. आज त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत नीट जपलेल्या आहेत. रेल्वे वसाहतीतल्या एखाद्या फिटरचे पोर दोन महिन्यांचे होऊन मेले, तर त्याचे नाव, बापाचा हुद्दा, दफनाची तारीख सापडू शकते. बोगद्यात चिरडलेल्या महाराचे नाव सापडत नाही. मावळातल्या गावांना या चर्चच्या दृष्टीने पॅरिश नव्हतेच. त्याची हद्द रेल्वेच्या कुंपणाशी संपत होती.

आता लोणावळ्यापासून काही मैलांवरच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात चला. दोन हजार वर्षांपूर्वीचे काम. तिथल्या खांबांवर आणि भिंतींवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, तसे धेनुकाकट नावाच्या ठिकाणाहून आलेले यवन, म्हणजे परदेशी, दातेही आहेत. त्यात सामी नावाच्या एका सुताराचाही लेख आहे. तो धेनुकाकटचा, वेणुवासाचा मुलगा, आणि दरवाजाचे काम त्याने केले, असे तो लेख सांगतो. सुताराचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि त्याने काय घडवले ते, तिन्ही दगडावर! बौद्ध संस्कृतीने दगड फोडणाऱ्या आणि लाकूड घडवणाऱ्या हातांना नाव दिले. आज त्याच लेण्याच्या तोंडाशी कोणाचे देऊळ आहे आणि गर्दी कोणासाठी होते, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढेच ध्यानात घ्या की एकाच मावळात दगडाच्या दोन मोठ्या कामांचा इतिहास आहे. एकात सुताराचे नाव टिकले, दुसऱ्यात हजारो माणसे नाव न ठेवता गाडली गेली.

पुढचा प्रश्न पैशाचा. चर्चचा धर्मगुरू कोणाच्या पैशावर जगत होता? बरेच जण म्हणतील, विलायतेतल्या भाविकांच्या देणगीवर. तसे नाही. चॅप्लेन आणि मिशनरी हे दोन वेगळे प्राणी आहेत. मिशनरी देणगीवर चालायचा. चॅप्लेन हा सरकारी नोकर होता आणि त्याचे काम फौजेतल्या, कचेरीतल्या, पुढे रेल्वेतल्या गोऱ्यांची धार्मिक सेवा करणे हे होते. १८१३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्याला बिशप नेमला, तेव्हा त्याचा वर्षाला पाच हजार पौंड पगार आणि त्याच्या हाताखालच्या तीन आर्चडीकनांचे प्रत्येकी दोन हजार पौंड हे हिंदुस्थानच्या महसुलातून द्यायचे ठरले. १८३३ च्या कायद्याने मुंबईलाही बिशप मिळायची सोय झाली आणि १८३७ मध्ये टॉमस कार मुंबईचा पहिला बिशप झाला. हिंदुस्थानचा महसूल म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. शेतसारा, मिठावरचा कर, दारूवरचा कर. ज्या महाराला चर्चच्या बाकावर बसायची कल्पनाही करता येत नव्हती, त्याने खाल्लेल्या मिठातून बिशपचा पगार निघत होता.

हा खर्च शेवटपर्यंत टिकला. १९३५ च्या कायद्यात या धर्मखात्यासाठी वर्षाला बेचाळीस लाख रुपयांपर्यंत खर्च करायची मुभा होती, आणि त्याचा निर्णय गव्हर्नर जनरलच्या हाती राखून ठेवला होता. लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींना त्यावर मत देता येत नव्हते. अस्पृश्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी बाबासाहेबांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रत्येक रुपयासाठी कौन्सिलात भांडावे लागत होते, त्याच काळातली ही गोष्ट आहे.

शिक्षणाचेच बघा. बोरघाटाचे काम सुरू झाले त्याच वर्षी, जून १८५६ मध्ये, एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे मान्य केले, आणि तरीही एकट्यासाठी बाकीच्यांचा रोष कशाला ओढवून घ्यायचा, असा हिशेब केला. बाबासाहेबांनी हे प्रकरण १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढच्या निवेदनात मुद्दाम मांडले. म्हणजे त्या एका वर्षात मुंबई सरकारचा कारभार असा होता: महाराचा मुलगा शाळेत चालत नाही, महार बाप घाटात चालतो, आणि दोघांच्या करातून पोसलेला धर्मगुरू गोऱ्यांना शेजाऱ्यावर प्रेम करायला शिकवतो. पुढे लोणावळ्यात रेल्वेची शाळाही झाली. रेल्वे वसाहतीतल्या अशा शाळा युरोपियन आणि युरेशियन मुलांसाठी असत.

मग अँग्लिकन चर्चने अस्पृश्यांसाठी काहीच केले नाही का? केले. ते नाकारणे हा अप्रामाणिकपणा होईल. पण ते चॅप्लेनच्या चर्चमध्ये झाले नाही, मिशनच्या आवारात झाले, आणि ही दोन आवारे वेगळी होती.

नाशिकचे शरणपूर घ्या. आज शरणपूर रोड म्हटले की दुकाने आणि दवाखाने आठवतात. ते मुळात चर्च मिशनरी सोसायटीचे गाव होते. विल्यम प्राइस नावाच्या मिशनऱ्याने १८५४ च्या सुमारास ते वसवले. अनाथ मुले, नवे ख्रिस्ती, आणि अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलेसुद्धा तिथे होती. सुतारकाम, लोहारकाम शिकवले जायचे. डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत मेला, तेव्हा त्याचे शव समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत असलेला जेकब वेनराइट हा नाशिकला शिकलेला. पुढे यातल्या अनेकांना घेऊन प्राइस पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळ गेला आणि तिथे वसवलेल्या गावाला नाव मिळाले फ्रियरटाउन. बोरघाट खुला झाला तेव्हा गव्हर्नर असलेल्या त्याच फ्रियरचे! एकाच माणसाच्या नावाशी आफ्रिकेत गुलामांची मुक्ती जोडली गेली आहे आणि इथे घाटातल्या हजारो निनावी मरणांवर उभा असलेला मार्ग. साम्राज्य असेच असते. त्याच्या एका हातात पाव असतो आणि दुसऱ्यात चाबूक. फक्त पाव दाखवणारा इतिहासकार आणि फक्त चाबूक दाखवणारा, दोघेही आपल्या कामाचे नाहीत.

अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मिशन १८३१ पासून होते. १८७० च्या दशकात तिथे अँग्लिकन मिशनही आले, आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाच्या आगेमागे महारांची गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. हिंदुत्ववाद्यांचा आवडता शब्द इथे येतो: दुष्काळातले ख्रिस्ती, पोटासाठी धर्म विकणारे. त्यांना विचारा, दुष्काळात गावच्या विहिरीवर त्या महाराला पाणी मिळत होते का? गावच्या देवळाच्या कोठारातले धान्य त्याच्या पोरांना मिळत होते का? ज्यांनी दार बंद ठेवले, त्यांना तो दुसऱ्या दारातून का गेला हे विचारण्याचा अधिकार नाही. आणि पोटाइतकाच माणूसपणाचा प्रश्न होता. मिशनच्या शाळेत त्याच्या मुलाच्या हातात पाटी येत होती. जोतिराव फुले हे स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांच्या शाळेतली मांग समाजाची मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय या मिशनच्या पत्रात छापून आला. तो छापण्याची हिंमत त्या काळी दुसऱ्या कोणी केली असती?

पण गाव तेच राहिले. ख्रिस्ती झालेला महार महारवाड्यातच राहायचा, गावाच्या लेखी महारच असायचा. आणि आत चर्चमध्येही जात मेली नाही. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात रोटी-बेटीची भिंत तशीच राहिली, आणि ब्राह्मण कुळातून आलेल्या एका ख्रिस्ती माणसाचे कौतुक शंभर महार ख्रिस्त्यांपेक्षा जास्त व्हायचे.

पुण्यातही अँग्लिकनांचे एक मोठे ठाणे होते, पंच हौद मिशन. तिथले होली नेम चर्च १८८५ चे. या मिशनची आठवण पुणेकरांना वेगळ्याच कारणाने आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये तिथे एका कार्यक्रमात चहा-बिस्किटे ठेवली होती, आणि आलेल्यांत टिळक आणि रानडेही होते. कोण कोण होते त्याची यादी वर्तमानपत्रात छापून आली, आणि पुण्याच्या ब्रह्मवृंदात भूकंप झाला. शंकराचार्यांकडे तक्रार, चौकशी, ग्रामण्य, प्रायश्चित्त. पुण्याच्या सामाजिक इतिहासात या चहावर पानेच्या पाने खर्च झाली आहेत. त्याच मिशनच्या आसपासच्या गरीब वस्त्यांतली जी माणसे तिथे रोज जात होती, शिकत होती, दवापाणी घेत होती, त्यांच्यावर किती पाने लिहिली गेली? ब्राह्मणाने चर्चवाल्यांचा चहा प्याला की तो इतिहास होतो. महार तिथे अक्षर शिकला की ते आमिष होते.

पुन्हा रेल्वेकडे येऊ, कारण लोणावळ्याचे चर्च हे शेवटी रेल्वेचे चर्च होते. १८५३ साली, हिंदुस्थानातली पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला गेली त्याच वर्षी, कार्ल मार्क्सने लिहिले की रेल्वेतून येणारा आधुनिक उद्योग इथल्या जातींच्या पायाशी असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढील. पंच्याऐंशी वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तिथे सांगितले, आणि ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच भाषणातला रेल्वेचा तपशील मात्र कमी वाचला जातो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि स्टेशन मास्तर सवर्ण असतो. कारखान्यांतही चांगल्या कामाच्या जागा त्याला बंद. ही तीच रेल्वे आहे, जिच्या रुळांसाठी त्याच्या आजोबाने घाट फोडला होता. वर ड्रायव्हर आणि फोरमन गोरे किंवा अँग्लो-इंडियन, मध्ये सवर्ण बाबू, खाली रुळावर हातोडा घेऊन आपला माणूस. लोणावळ्याच्या रेल्वे वसाहतीत रविवारी चर्चची घंटा वाजायची ती यातल्या पहिल्या थरासाठी. मार्क्सचे भाकीत इथे खोटे ठरले, कारण त्याने यंत्राचा अभ्यास केला होता, जातीचा नाही.

तारखांचा एक योगायोग सांगण्यासारखा आहे. हिंदुस्थानातले अँग्लिकन चर्च १ मार्च १९३० रोजी कायद्याने इंग्लंडच्या चर्चपासून स्वतंत्र झाले. बिशपांना आता लंडनकडे बघायचे कारण उरले नाही. आणि २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच नाशिकला, जिथे शरणपूरचे मिशन पाऊणशे वर्षे उभे होते. एका धर्मसंस्थेला स्वातंत्र्य मिळाले कागदावर, एका सहीने. दुसरीकडे माणसांना एका देवळाचे दार उघडून घेण्यासाठी पाच वर्षे लाठ्या आणि दगड खावे लागले आणि ते दार उघडले नाहीच. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, त्यामागे ही पाच वर्षे आहेत.

येवल्यानंतर सगळ्या धर्मांचे लोक बाबासाहेबांच्या भेटीला येऊ लागले. ख्रिस्ती बिशपही आले. इथे आपल्या तरुणांनी बाबासाहेबांचे दोन निबंध जरूर वाचावेत. एक अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरचा, दुसरा धर्मांतरित ख्रिस्त्याच्या अवस्थेवरचा. दोन्ही त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात आहेत. त्यांत शिवीगाळ नाही, भक्तीही नाही, हिशेब आहे. इतकी वर्षे राज्य हातात असून ख्रिस्ती धर्म इथे एवढा थोडका का वाढला? त्यांची उत्तरे अशी: सुरुवातीच्या कंपनीवाल्यांचे वर्तनच धर्माला लाज आणणारे होते, पंथापंथांत भांडणे होती, आणि मिशनऱ्यांनी आधी ब्राह्मणाला पटवू, मग खालचे आपोआप येतील, अशी चूक केली. शाळा, कॉलेजे, दवाखाने काढले, त्यांचा मोठा फायदा उच्चवर्णीयांनी घेतला आणि धर्माला ते शिवलेही नाहीत.

दुसऱ्या निबंधातला प्रश्न अधिक टोकदार आहे. ख्रिस्ती झालेला अस्पृश्य आपल्यावरच्या अन्यायाविरुद्ध का लढत नाही? बाबासाहेबांचे निदान असे की त्याला शिकवले जाते, तुझी दुर्दशा पापामुळे आहे, परिस्थितीमुळे नाही. मग हिंदू कर्मसिद्धांतात आणि यात त्याच्यापुरता फरक काय उरला? जो धर्म त्याला समाजव्यवस्थेकडे बोट दाखवायला शिकवत नाही, तो त्याला सांत्वन देईल, लढण्याचे बळ देणार नाही. १ जानेवारी १९३८ ला सोलापूरच्या ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना त्यांनी हे तोंडावर सांगितले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला भारावले आहे, हेही तिथेच सांगितले. येशूबद्दल आदर आणि चर्चबद्दल चिकित्सा, दोन्ही एका भाषणात.

या चिकित्सेचे उत्तर त्यांनी मावळच्याच वाटेवर दिले. तळेगाव दाभाड्याला बाबासाहेबांचा बंगला आहे, ते सर्वांना ठाऊक आहे. तिथून पुण्याकडे येताना देहूरोड लागते. तुकोबांच्या देहूच्या नावाचे रेल्वे स्टेशन आणि लष्करी डेपोची वस्ती. डेपोत, रेल्वेत राबणाऱ्या आपल्या लोकांनी तिथे मंदिर बांधले, आणि २५ डिसेंबर १९५४ ला, रंगूनची जागतिक बौद्ध परिषद आटोपून आलेल्या बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. हजारोंचा जमाव होता. नागपूरच्या दीक्षेला अजून जवळजवळ दोन वर्षे होती.

ही तारीख बघा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली तीच तारीख. नाताळच्या सुटीत सभा-परिषदा भरवण्याची त्या काळी रीतच होती, कारण कामगाराला आणि नोकरदाराला तेवढीच सुटी मिळायची. साहेबाच्या चर्चने दिलेली सुटी आपल्या लोकांनी अशी वापरली.

आता देहूरोडचे विहार आणि लोणावळ्याचे चर्च यांची तुलना करा. दोन्ही एकाच रेल्वेमार्गावर, दोन्ही कामगार वस्तीतली. लोणावळ्याचे कंपनी आणि सरकार यांच्या आधारावर उभे, वरून आलेल्या धर्मगुरूच्या हाती, काही मोजक्या लोकांसाठी. देहूरोडचे घामाच्या पैशातून उभे, पगारी पुरोहिताशिवाय, कोणालाही दार बंद नसलेले. सुतार सामीचे नाव कोरणारी जी परंपरा कार्ल्याला होती, तिच्याशी देहूरोडचे नाते लागते.

इंग्रज गेले. चॅप्लेनचे सरकारी खाते १९४८ मध्ये बंद झाले. गोरे ड्रायव्हर आणि फोरमन निघून गेले. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला अँग्लिकनांसह सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. आज महाराष्ट्रात या चर्चच्या बाकांवर बसणाऱ्यांत मोठा भाग त्याच महार-मांगांच्या नातवंडा-पतवंडांचा आहे, ज्यांना चॅप्लेनच्या चर्चमध्ये जागा नव्हती. उपासना मराठीत चालते. म्हणजे साहेबाची वास्तू आपल्याच रक्ताच्या लोकांकडे आली आहे. आणि या लोकांना सरकारच्या लेखी जात नाही!

हे कसे घडले ते नीट समजून घ्या. अनुसूचित जातींच्या पहिल्या सरकारी यादीचा हुकूम १९३६ चा. तो काढणारे सरकार ख्रिस्ती राजाचे होते. त्यातच लिहिले होते की कोणताही भारतीय ख्रिस्ती अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. भारतीय ख्रिस्त्यांना वेगळा मतदारसंघ मिळाला होता, म्हणून तेव्हा हे तर्काला धरून वाटले असेल. पण बिशपांनी त्या वेळी आपल्या गरीब महार-मांग भाविकांसाठी काही आकाशपाताळ एक केले नाही. पुढे वेगळा मतदारसंघ गेला आणि वगळणे तेवढे राहिले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या हुकुमात हिंदूशिवाय कोणीही अनुसूचित जातीचा नाही असे आले. शिखांची दुरुस्ती १९५६ मध्ये झाली, बौद्धांची १९९० मध्ये. महाराष्ट्रात राज्याच्या सवलती आपल्याला १९६० पासून मिळाल्या, पण केंद्रात १९५६ ते १९९० अशी चौतीस वर्षे आपणही त्याच दाराबाहेर उभे होतो. बुद्ध स्वीकारला म्हणून तुमची अस्पृश्यता संपली, असे आपल्याला सांगितले गेले. खैरलांजीत, खर्ड्यात ती संपली होती का?

मग तोच युक्तिवाद ख्रिस्ती महाराला, ख्रिस्ती मांगाला सांगितला जातो तेव्हा आपण गप्प का बसावे? गावात त्याला मारहाण झाली तर मारणारा त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला बघून मारत नाही. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवायच्या वेळी मात्र पोलीस तो दाखला बघतात. आपल्यातले काही जण म्हणतात, त्यांना आत घेतले तर आपला वाटा कमी होईल. वाट्याचा प्रश्न खरा आहे, लोकसंख्येप्रमाणे टक्का वाढवून मागता येतो, आणि तसा तो मागायलाच हवा. पण १९९० च्या आधी हेच वाक्य आपल्याबद्दल कोण बोलत होते, ते एकदा आठवून बघा. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयातली याचिका २००४ सालची आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला.

लोणावळ्याला जाल तेव्हा लोकल वडगाव, कामशेत, मळवली करत जाते. मळवलीला उतरून कार्ला-भाजे बघा, सामी सुताराचा लेख शोधा. मग पुढे जाऊन खंडाळ्याच्या बाजूला बोगद्यांच्या तोंडाशी उभे राहा आणि तासलेल्या पाषाणावरच्या छिन्नीच्या खुणा बघा. चर्चमध्येही जा. रविवारी उपासना सुटल्यावर बाहेर येणाऱ्यांशी बोला, त्यांचे मूळ गाव विचारा, आजोबा काय करत होते ते विचारा. रेल्वेत गँगमन होते, असे सांगणारा भेटला तर त्याच्याशी नाते जोडायला कोणत्या आयोगाच्या अहवालाची वाट बघायची गरज नाही.